शाळेत बुद्धिमापन चाचणी ठरली आहे: पहिल्यांदाच सामोरे जाणाऱ्या नागपूरकर पालकांसाठी

माझी मुलगी इयत्ता दुसरीत असताना नोव्हेंबरमध्ये तिच्या डायरीत चार ओळींची एक सूचना आली. वर्गातील काही मुलांची पुढील पंधरवड्यात बुद्धिमापन चाचणी होईल, त्यातून एका विशेष उपक्रमासाठी निवड केली जाईल आणि पालकांनी सोबतचे संमतीपत्र सही करून परत पाठवावे, एवढेच त्यात लिहिले होते. वर्धा मार्गावरून स्कूटरने येता-जाता मेट्रोच्या खांबांवरचे क्रमांक मोठ्याने वाचण्याची तिला सवय होती. सूचना आली आणि मी त्या खेळाची शिकवणी करून टाकली: हा खांब आणि पुढचा मिळून किती, उलटे मोजले तर कोणता येईल. आठवडाभरात तिने खांब वाचणे बंद केले. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "वाचलं की तू विचारतेस."

त्यानंतर मी तिला काहीही शिकवणे थांबवले आणि शाळेत जाऊन, जाणकारांना भेटून, स्वतःच माहिती घ्यायला सुरुवात केली. ज्या घरात अशी सूचना पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी ती माहिती, कामे ज्या क्रमाने करावी लागतात त्याच क्रमाने, येथे देत आहे.

सही करण्यापूर्वी

संमतीपत्र त्याच रात्री सही करून दप्तरात ठेवण्याची घाई करू नये. वर्गशिक्षिकेकडे किंवा शाळेच्या समुपदेशकांकडे पंधरा मिनिटांची वेळ मागावी आणि सर्वांत आधी हे विचारावे, की या चाचणीच्या निकालामुळे मुलाच्या शाळेतील आठवड्यात नेमके काय बदलणार आहे. त्याला वेगळ्या तासिका मिळणार आहेत का, त्या कोण घेणार आहे, त्या वेळी वर्गातले कोणते विषय बुडणार आहेत, आणि निवड न झालेल्या मुलांना काय सांगितले जाणार आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर बाकी सर्व अवलंबून असते. निकालाचे पुढे काय होणार हे शाळेलाच ठरवता आलेले नसेल, तर सही न करता "उपक्रम निश्चित झाल्यावर कळवावे" असे नम्रपणे लिहून देण्यास काहीच हरकत नाही, आणि माझ्या मते तसे लिहून द्यावेच. ज्या आकड्याचा उपयोग ठरलेला नाही, तो सात वर्षांच्या मुलाच्या नावापुढे लिहून ठेवण्याचे कारण नाही.

त्यानंतर चाचणीचे नाव, ती कोण घेणार, एकेका मुलाची स्वतंत्रपणे की वर्गात सर्वांची एकत्र, कोणत्या भाषेत, आणि अहवाल कोणाकोणाला दिसणार, हे विचारून घ्यावे. एकेकट्या मुलाची चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने घ्यायची असते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असतील तर त्यांचा नोंदणी क्रमांक विचारण्यात अवघडल्यासारखे वाटू देऊ नये, कारण तो अहवालावर लिहिला जातोच.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. खासगी संस्थांच्या ऑलिम्पियाड परीक्षा, राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा, सहावीच्या प्रवेशासाठीची जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी आणि बुद्धिमापन चाचणी या चारही गोष्टींना पालकांच्या गप्पांत "ती हुशार मुलांची टेस्ट" असे एकच नाव मिळते. शिष्यवृत्ती आणि नवोदयसाठी अभ्यासक्रम असतो, सराव असतो आणि त्यांची तयारी करणे योग्यच असते. आपल्या जिल्ह्यात नवेगाव खैरीचे नवोदय विद्यालय गाठायचे असेल तर पाचवीत ती करावीच लागते. बुद्धिमापन चाचणीला अभ्यासक्रम नसतो. सूचनेत यांपैकी काय म्हटले आहे हे आधी स्पष्ट करून घेतले, तर निम्मी धावपळ वाचते.

चाचणी प्रवेशासाठी असेल तर मात्र प्रश्न कायद्याचा होतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार शाळेला प्रवेश देताना बालकाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या उल्लंघनासाठी पंचवीस हजार आणि पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नवोदय विद्यालयांसारख्या विशेष प्रवर्गातील शाळांची गोष्ट वेगळी आहे. प्रवेश झाल्यावर वर्गातल्या मुलाला अधिक बौद्धिक खाद्य देण्यासाठी पालकांच्या संमतीने घेतलेली चाचणी या कलमात येत नाही. किंबहुना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष कल असलेल्या मुलांना पूरक साहित्य द्यावे, विषयवार मंडळे चालवावीत असे म्हटलेले आहे.

चाचणीच्या खोलीत काय होते

भीतीचा मोठा भाग खोलीच्या बंद दाराचा असतो, म्हणून आत काय होते ते थोडे विस्ताराने सांगते. बुद्धिमापनाची आधुनिक पद्धत १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सायमन यांनी तयार केली, आणि तिचा हेतू शाळेत अधिक मदतीची गरज असलेली मुले ओळखणे हा होता. हुशार मुले निवडण्यासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही वापरली जाते. दुसरी नेहमी वापरली जाणारी चाचणी आपल्या शहराशी जोडलेली आहे. अमेरिकेतील डेव्हिड वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप नागपुरात काम करणाऱ्या डॉ. आर्थर मालिन यांनी तयार केले आणि ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची ही चाचणी देशभरातल्या रुग्णालयांत आणि शाळांत मालिन यांच्याच नावाने ओळखली जाते. पालकांना प्रश्न विचारून मुलाची दैनंदिन व सामाजिक कौशल्ये मोजणाऱ्या व्हाइनलँड मापिकेचेही त्यांनी केलेले रूपांतर "नागपूर रूपांतर" म्हणूनच प्रसिद्ध आहे. आपल्या मुलाच्या अहवालात यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते परके वाटू नये.

मालिन यांच्या चाचणीत शाब्दिक आणि कृतीचे असे दोन भाग आहेत. शाब्दिक भागात सर्वसाधारण माहिती, व्यवहारातली समज, तोंडी गणिते, दोन वस्तूंतले साम्य, शब्दांचे अर्थ आणि ऐकलेले अंक सरळ व उलट क्रमाने म्हणून दाखवणे असते. कृतीच्या भागात चित्रातली उणीव शोधणे, ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, तुकड्यांतून आकृती पूर्ण करणे, चिन्हे भरणे आणि चक्रव्यूहातून वाट काढणे असते. याला सुमारे दोन तास, कधी अधिकही लागतात, आणि लहान मूल कंटाळले तर दोन बैठका करता येतात. लहान मुलांना रेव्हन यांची रंगीत आकृत्यांची चाचणीही देतात. तिच्यात ३६ आकृत्या असतात, प्रत्येकीचा गाळलेला तुकडा मुलाने निवडायचा असतो आणि बोलावे जवळजवळ लागतच नाही.

पालकांनी यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एकेकट्याने द्यायच्या या चाचण्यांमधले प्रश्न सोपे ते कठीण असे चढत जातात आणि मुलाला ओळीने काही उत्तरे आली नाहीत की तो भाग थांबवला जातो. म्हणजे अतिशय कुशाग्र मूलसुद्धा प्रत्येक भागाच्या शेवटी न येणाऱ्या प्रश्नांपर्यंत पोहोचतेच. चाचणी घेणाऱ्या व्यक्तीला "बरोबर", "चूक" असे सांगण्याची मुभा नसते. त्यामुळे बाहेर आलेले मूल "मला शेवटचं काहीच आलं नाही" म्हणाले, तर त्यावरून कसलाही अंदाज बांधता येत नाही. माझी मुलगी हेच म्हणत बाहेर आली होती आणि तेव्हा हे मला ठाऊक नव्हते.

ही रचना समजली की चाचणीचे प्रश्न मिळवून सराव करून घेणे का चुकीचे आहे, हेही समजते. नक्षी आधी पाहिलेल्या मुलाचा त्या भागातला आकडा निरुपयोगी होतो, अहवाल वाचणाऱ्या शिक्षकांची दिशाभूल होते आणि मूल आपल्या ताकदीच्या पलीकडच्या वर्गात जाऊन बसते. अशा "तयारी संचां"ची जाहिरात कोणी पाठवली, तर ती उघडूही नये असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेचा प्रश्न आधी सोडवावा

नागपुरात या विषयाला एक वेगळे वळण आहे आणि माझ्या अनुभवात पालक त्याचाच सर्वांत कमी विचार करतात. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि हिंदी येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या शेजारी नांदते आहे. आपले मूल घरात मराठी बोलते, खाली खेळायला गेले की हिंदी, आणि वर्गात इंग्रजी. भोपळ्याला तिन्ही भाषांतले शब्द त्याला ठाऊक असतात, पण "उसना" हा शब्द त्याने फक्त आजीकडून ऐकलेला असतो, "किराया" फक्त शेजाऱ्यांकडून आणि "इव्हॅपरेशन" फक्त बाईंकडून. चाचणी एकाच भाषेत घेतली, तर शब्दांचे अर्थ सांगण्याच्या भागात त्याच्या शब्दसंपत्तीचा एक तुकडाच मोजला जातो.

अंकांचेही तसेच आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला तोंडी गणितात "एकोणसाठ" ऐकू आले, तर त्याचा वेळ आकडा ओळखण्यातच जातो, आणि गणित येत असूनही उत्तर हुकते. मराठी माध्यमातही २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने "एकवीस"च्या जोडीला "वीस एक" असे वाचन आणले होते, तेव्हा मुलाने कोणत्या पद्धतीने संख्या शिकल्या आहेत हे चाचणी घेणाऱ्यांना माहीत असलेले बरे.

म्हणून चाचणीच्या आधी अर्धे पान लिहून द्यावे: घरात कोणती भाषा, संख्या कोणत्या भाषेत, मूल विचार करताना स्वतःशी कोणत्या भाषेत पुटपुटते. सूचना मुलाला सर्वांत सोप्या वाटणाऱ्या भाषेत मिळतील का आणि त्याने दुसऱ्या भाषेत उत्तर दिले तर ते धरले जाईल का, हे लेखी विचारावे. ते शक्य नसेल तर शब्दांवर न विसंबणारी चाचणी जोडीला घेण्याची विनंती करावी. घरात गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी किंवा सिंधी बोलणाऱ्या कुटुंबांसाठी तर ही पायरी टाळता येण्यासारखी नाहीच.

आपली काळजी मुलापर्यंत कशी पोहोचते

आपल्या पिढीने दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पाहिल्या आहेत. चाचणी म्हटली की क्रमांक आणि क्रमांक म्हटला की घराची प्रतिष्ठा, हे समीकरण आपल्या मनात इतके जुने आहे, की सात वर्षांच्या मुलाची चाचणी असली तरी पोटात गोळा आपल्याच येतो. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. तो गोळा मुलाच्या पोटात जाणार नाही एवढे मात्र पाहावे लागते. आणि तो बोलण्यापेक्षा वागण्यातून अधिक जातो. रोजचा खेळ अचानक प्रश्नोत्तरे होतो, झोपेची वेळ अचानक काटेकोर होते, आई फोनवर मावशीशी बोलताना आवाज खाली आणते. मूल हे सर्व टिपते.

मी तीन गोष्टी ठरवल्या आणि त्यांचा उपयोग झाला. चाचणीविषयी मुलीशी घरातल्या एकाच व्यक्तीने बोलायचे आणि आजी-आजोबांनाही तशी विनंती करायची. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "तुमच्याकडे कधी आहे, काय विचारलं" या चर्चेत उतरायचे नाही. आणि परदेशातल्या नातेवाइकांचे सल्ले आदराने ऐकायचे, पण लावून घ्यायचे नाहीत. अमेरिकेत अनेक ठिकाणी दुसरीच्या सुमारास अशा चाचण्या होतात, त्यांच्या निकालावर वेगळे वर्ग ठरतात, आणि तिकडची गुणांची मर्यादा आपल्या शाळेतल्या वेगळ्या चाचणीला लागू पडत नाही.

मुलाला काय सांगावे, हा प्रश्न मला सर्वांनी विचारला. खोटे सांगू नये. "नुसता खेळ आहे" असे म्हटले आणि आत वही-पेन दिसले, की पुढच्या वेळी मूल विश्वास ठेवत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी, दुसरे काही काम चालू असताना, एवढे पुरते: "उद्या शाळेत एक ताई तुला काही प्रश्न विचारतील आणि काही ठोकळे देतील. काही सोपे असतील, काही मोठ्या मुलांसाठीचे असतील. नाही आलं तर नाही येत म्हणायचं, नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायचं, आणि शू लागली तर सांगायचं." शेवटचे वाक्य गाळू नये, दोन तास अवघडून बसलेले मूल ठोकळे नीट लावू शकत नाही. "तू हुशार आहेस, तुला येणारच" हे वाक्य मात्र गाळावे, कारण एखादे उत्तर आले नाही की आपण हुशार नाही, असा त्याचा उलटा अर्थ मूल लावते.

चाचणीचा दिवस

चष्मा असेल तर तो दप्तरात नव्हे, डोळ्यांवर असावा. सर्दीने कान दडपले असतील, ताप असेल, दम्याचा त्रास वाढला असेल, तर सरळ फोन करून तारीख पुढे ढकलावी. शाळेला गैरसोय होईल म्हणून आजारी मुलाला पाठवू नये. वेळ मागता येत असेल तर सकाळची मागावी, आणि मार्च-एप्रिलमध्ये नागपूरच्या उन्हात तर दुपारची वेळ स्वीकारूच नये. नेहमीचाच नाश्ता द्यावा. घरी आल्यावर "काय विचारलं?" याऐवजी डब्यातले संपवलेस का, हे विचारावे. मूल आपणहून सांगू लागले तर ऐकून घ्यावे, उत्तरे तपासू नयेत.

अहवाल कसा वाचावा

अहवाल दप्तरातून पाठवू नये, प्रत्यक्ष भेटीत द्यावा, असे शाळेला आधीच सांगून ठेवावे, आणि त्या भेटीला मुलाला सोबत नेऊ नये.

सध्याच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते. सुमारे दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात आणि १३० च्या वर शंभरात दोन-तीनच. बिने-कामत चाचणीत जुन्या पद्धतीने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. सहा वर्षांच्या मुलाने साडेसात वर्षांच्या मुलाइतके काम केले तर १२५ येतात. दोन्हींचे आकडे सारखे दिसले तरी त्यांची तुलना करता येत नाही, म्हणून शेजारच्या मुलाचे १२८ आणि आपल्या मुलाचे ११९ हे शेजारी-शेजारी मांडूच नयेत.

कोणताही आकडा हा एक पट्टा असतो. चांगल्या चाचणीतही पाच-सहा गुण इकडे-तिकडे होणे गृहीत धरलेले असते, आणि वय जितके कमी तितका हा आकडा पुढच्या काही वर्षांत बदलण्याची शक्यता अधिक असते. झोप, भूक, अनोळखी व्यक्तीची भीती यांनीही तो खाली येतो. चाचणीच्या निकालाला काटेकोर मर्यादा लावून १३० ला आत आणि १२९ ला बाहेर ठेवणाऱ्या शाळेला हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे, की शिक्षकांचे निरीक्षण आणि मुलाचे प्रत्यक्ष काम तुम्ही विचारात घेतले आहे का.

एकूण आकड्यापेक्षा मला भागवार गुण अधिक बोलके वाटतात. शब्दांत खूप पुढे आणि चिन्हे भरण्यात बरेच मागे, किंवा ठोकळ्यांत उत्कृष्ट आणि अंक लक्षात ठेवण्यात कमी, अशी मोठी दरी दिसली तर तिचे कारण विचारावे. अतिशय कुशाग्र मुलालाही वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता किंवा एकाग्रतेची अडचण असू शकते. हुशारीमुळे अडचण झाकली जाते, अडचणीमुळे हुशारी, आणि वर्गात ते मूल साधारण दिसत राहते. अशी शंका आली तर निवड झाली की नाही हे बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांचा सल्ला घ्यावा. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये किंवा मिहानमधील एम्स यांच्या बाह्यरुग्ण विभागात विचारणा करता येते.

मुलाला आकडा सांगू नये, भावंडांसमोर तर कधीच नाही. माझ्या मुलीला किती गुण मिळाले, हे मी येथेही लिहीत नाही. ते तिचे आहेत आणि मोठी झाल्यावर कोणाला सांगायचे ते ती ठरवेल.

निवड झाली तर, आणि नाही झाली तर

निवड झाली तर उपक्रमाचा पहिला महिना मुलाकडे बारकाईने पाहावे. शाळेत जाताना कुरकुर वाढली, मित्र तुटले, गृहपाठ दुप्पट झाला, तर उपक्रम सोडता येतो. तसे संमतीपत्रातच लिहून घेतलेले असले तर उत्तम. जास्त पानांची वही हे अधिक खाद्य नव्हे, आणि शाळा तेवढेच देत असेल तर तसे बोलून दाखवावे.

निवड झाली नाही तर मुलाला एका वाक्यात सांगावे: "त्या तासांना दुसरी काही मुलं जाणार आहेत, तू वर्गातच असशील." समजूत घालत बसू नये, कारण लांबलेल्या समजुतीतून काहीतरी वाईट घडले आहे असेच त्याला कळते. लगेच दुसरीकडे पैसे देऊन तीच चाचणी पुन्हा करून घेऊ नये. प्रश्न ओळखीचे झालेले असल्यामुळे तो आकडा खरा राहत नाही, आणि वर्षभराचे अंतर ठेवावे असे जाणकार सांगतात. चाचणीच्या दिवशी मूल आजारी होते किंवा भाषेची अडचण झाली, असे ठोस कारण असेल तर मात्र लेखी अर्ज करून वेगळ्या चाचणीची मागणी जरूर करावी.

दोन्ही बाबतींत, ज्या मुलाला अधिक हवे आहे त्याला ते शाळेबाहेरही देता येते. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात एक रविवार आणि तारांगणाचा एक खेळ, अजब बंगल्यात १८६३ पासून जमवलेल्या वस्तूंसमोर एक दुपार, अंबाझरीच्या काठावर पक्ष्यांची वही. पुण्यात १९६२ पासून प्रज्ञावान मुलांसाठी काम करणारी ज्ञान प्रबोधिनी पाचवीपासूनच्या प्रशालेसाठी बुद्धिचाचण्यांचाच आधार घेते. पुढे तो विचार करायचा असेल तर तेव्हा करता येईल, दुसरीत त्याची तयारी सुरू करू नये.

अहवालाची मूळ प्रत चाचणीचे नाव, तारीख आणि त्या दिवशीच्या मुलाच्या वयासह घरच्या फाइलमध्ये ठेवावी आणि शाळेकडे झेरॉक्स द्यावी. शाळा बदलली तर नव्या शाळेला ती आपणहून दाखवण्याची सक्ती नाही. आमची फाइल कपाटात वरच्या फळीवर आहे. गेल्या महिन्यात अजनीजवळ सिग्नलला थांबलो असताना मागून मुलीने खांबाचा क्रमांक वाचला, आणि सिग्नल सुटल्यावर पुढचाही वाचला. मी काही विचारले नाही.